आमच्या कॅसेटी कुठं गेल्या?

(नागपुरात तरुण कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मी काही विद्वान नाही. दहावी पास आहे, कविता लिहितो आणि मुंबईच्या गोदीत माल उचलतो. घर इथलंच, इंदोऱ्याचं. नागपूरला समुद्र नाही, म्हणून पोट घेऊन समुद्राकडं गेलो. बोलावणाऱ्या मित्रानं विषय दिला तो असा : लहानपणचे खेळ, गाणी, टीव्ही. वर बजावलं, 'भाऊ, दरवेळी आग ओकू नको. पोट्ट्यांना जरा मजा येऊ दे.' हाव, येऊ दे की. मजेवरच बोलतो. पण मजा कुणाच्या वाट्याला किती आली, हे विचारणं पण त्यातच आलं.

सध्या जुन्या दिवसांचा धंदा तेजीत आहे. गोदीत काम नसलं की आम्ही न्हावा-शेव्याकडच्या गोदामात कंटेनर रिकामे करतो. खोक्यांवरची चित्रं बघून हसू येतं. जुन्या रेडिओसारखा दिसणारा नवा रेडिओ. जुन्या व्हिडिओ गेमसारखा दिसणारा नवा व्हिडिओ गेम. एकेकाळी एचएमव्ही म्हणून ओळखली जायची त्या कंपनीचं नाव आता सारेगामा. तिनं २०१७ साली जुन्या रेडिओच्या रूपातला 'कारवां' बाजारात आणला, आत ५,००० जुनी हिंदी गाणी भरून. लोकांनी उचलून धरला. मोबाइल उघडा, तर तिथं रोज कुणीतरी उसासे टाकतंय. गच्चीवर चढून अँटेना फिरवायचो, चित्रहार, शक्तिमान, मोगली, पेन्सिल घालून कॅसेट गुंडाळायची, मारिओ, कॉन्ट्रा, काय ते दिवस होते! शिकलेली माणसं याला स्मरणरंजन म्हणतात. शब्द चांगला आहे. फक्त मधे तोडून विचारायचं : स्मरण कुणाचं आणि रंजन कुणाचं?

या गोष्टींवर थुंकायला मी उभा नाही. मी त्यांच्यावरच वाढलो. आमच्या वस्तीच्या कोपऱ्यावर पत्र्याच्या खोलीत दोन टीव्ही आणि दोन गेमची यंत्रं होती. यंत्रं नकली. जपानच्या निन्टेन्डो कंपनीनं १९८३ साली असलं यंत्र काढलं, त्याच्या स्वस्त नकला जगभर झाल्या, आणि त्या नकलांच्या पाठीवर बसून मारिओ आमच्यापर्यंत पोचला. अस्सल माल आमच्या बापाला परवडला नसता. तासाचे पैसे मोजायचे. दोघं खेळायचे, आठ जण मागून ओरडायचे, 'उडी मार बे! काऊन थांबला?' कॉन्ट्रात दोघं एकाच बाजूनं लढायचे. त्यात धबधब्याचा एक टप्पा आहे. खालून वर चढत जायचं. एक जण घाईघाईनं वर चढला की पडदा वर सरकतो आणि खाली राहिलेला भिडू मरतो. आम्ही त्यावरून मारामाऱ्या केल्या आहेत. चळवळीतल्या पुढाऱ्यांनी हा गेम एकदा जरूर खेळावा.

तर प्रेम आहेच. पण हे उसासे नीट ऐका. अँटेना फिरवायला गच्ची लागते. गच्चीला स्लॅबचं घर लागतं. 'आमच्या घरी नवा टीव्ही आला तो दिवस' असं लिहिणाऱ्याच्या घरी टीव्ही आला, हे तर उघड आहे. ज्याच्या घरी आला नाही, त्यानं पण टीव्ही पाहिला. त्यानं कुठं उभं राहून पाहिला, हे त्या उसाशात येत नाही.

मुंबईत दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. रंग आला १९८२ साली, आशियाई खेळांच्या वर्षी. २५ जानेवारी १९८७ ला रामायण सुरू झालं तेव्हा माझी माय दहा-अकरा वर्षांची होती, भंडाऱ्याकडच्या एका गावात. गावात टीव्ही एक. तिच्याच तोंडून ऐका : 'मी अन् माह्या बहिणी खिडकीपाशी उभ्या राहो. गज गालाले थंडे लागे. आतले लोक चटईवर बसे. पिक्चरमंधी रडायचं आलं का सारे सारखेच रडे. बंद झालं का मंग म्हणे, चला, निंघा.' मालिकेतलं संगीत आजही कुठं वाजलं तर माय थांबते. आधी गाणं आठवतं, मग गज आठवतात. दोन्ही एकाच आठवणीत आहेत. बाजारात विकायला ठेवतात ती आठवण गज कापून ठेवलेली असते.

आता आतल्या लोकांनी टीव्हीवर आम्हाला कधी पाहिलं? पाहिलं. सत्यजित राय यांनी १९८१ साली दूरदर्शनसाठी 'सद्गती' केला, प्रेमचंदांच्या गोष्टीवरून. ओम पुरी झालाय दुखी चांभार. बामणाच्या दारात उपाशीपोटी लाकूड फोडता फोडता मरतो, आणि शेवटी बामण त्याच्या प्रेताला हात न लावता दोरीनं ओढत नेतो. १९८८ साली 'तमस' आली, गोविंद निहलानींची. त्यात पुन्हा ओम पुरी, पुन्हा चामड्याचं काम करणारा नत्थू. फसवून त्याच्याकडून डुक्कर मारून घेतात आणि त्यातून दंगल पेटते. दोन्ही कामं मोठी आहेत, मी त्यांच्यापुढं वाकतो. पण 'काय ते दिवस होते' च्या यादीत तुम्ही कधी सद्गती वाचलाय? यादीत शक्तिमान असतो. दुखी चांभार नसतो. त्याची आठवण काढली तर रंजन होत नाही. आणि ध्यानात घ्या, आमचा माणूस पडद्यावर आला तो मरायला किंवा फसवला जायला. गाणारा, खेळणारा, हसणारा, पोरींकडं चोरून बघणारा आमचा पोट्टा त्या डब्यात कुठं होता?

आम्ही नुसते बघत राहिलो असंही नाही. एक गोष्ट सांगतो, ती कुठल्या यादीत सापडत नाही. ३१ जुलै १९८८ ला रामायण संपलं. उत्तरेत सफाईचं काम करणारा मोठा समाज स्वतःला वाल्मीकी म्हणवतो, ऋषी वाल्मीकी त्यांना आपले वाटतात. त्यांच्या आश्रमातला, लव-कुशाचा भाग मालिकेत आलाच नव्हता. जालंधरच्या सफाई कामगारांनी संप केला. संप दुसऱ्या शहरांत पसरला, रस्त्यावर कचरा साचला, रोगराईची भीती उभी राहिली, आणि सरकारला नमावं लागलं. रामानंद सागरांनी पुढं 'लव कुश' काढली ती अशी. आता मी विचारानं त्या मालिकेसाठी संप करणाऱ्यातला नाही. त्यावर आपण रात्रभर भांडू. पण झाडू खाली ठेवून देशाचा टीव्हीचा कार्यक्रम बदलणारे प्रेक्षक जगात किती झाले असतील? ज्याला लोक साधेभोळे दिवस म्हणतात, त्यातला हा एक दिवस आहे. तो साधाही नव्हता आणि भोळाही नव्हता.

पुढचं तर तुमच्या-माझ्या डोळ्यांदेखत झालं. २५ मार्च २०२० ला टाळेबंदी लागली. २८ मार्चला दूरदर्शननं रामायण पुन्हा लावलं. १६ एप्रिलच्या रात्री ७ कोटी ७० लाख लोकांनी ते पाहिलं असा दूरदर्शनचा दावा आहे. त्याच दिवसांत या नागपुरावरून जाणाऱ्या रस्त्यांनी डोक्यावर गाठोडी घेतलेली माणसं उत्तरेकडं चालत होती. ८ मे च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर थकून झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याच्या पोलाद कारखान्यात राबणारे, मध्य प्रदेशातले आदिवासी खेड्यांतले पोरगे. त्यांच्या भाकरी रुळांवर विखुरल्या होत्या, तो फोटो तुम्ही पाहिलाय. घरात बसून लहानपण पुन्हा बघायला घर लागतं. मी कुणा बघणाऱ्याला गुन्हेगार ठरवत नाही. माझी मायही बघत होती, या वेळी स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या टीव्हीवर. मी फक्त दोन चित्रं शेजारी शेजारी ठेवतो. दहा वर्षांनी '२०२० सालची ती निवांत सकाळ' असं कुणी लिहील, तेव्हा दुसरं चित्र शेजारी ठेवायला आपण तिथं असलो पाहिजे.

बरं, इथपर्यंत बोललो ते त्यांच्या डब्याचं. आता आपल्या डब्याचं बोलतो. आपला डबा म्हणजे टेपरेकॉर्डर.

गाण्याची तबकडी काढायला कारखाना लागायचा, मोठा स्टुडिओ लागायचा, कंपनीची मेहरबानी लागायची. भारतात हा धंदा जवळजवळ एकट्या एचएमव्हीच्या मुठीत होता. फिलिप्स कंपनीनं १९६३ साली कॅसेट काढली. आपल्याकडं तिचा पूर आला तो ऐंशीच्या दशकात. गुलशनकुमारनं १९८३ साली टी-सीरिज काढली, पाठोपाठ गल्लोगल्ली छोट्या कंपन्या निघाल्या. एका खोलीत दोन यंत्रं जोडून कॅसेटीवरून कॅसेट काढता यायला लागली. आपल्या जुन्या कवींच्या हातात सायक्लोस्टाइल मशीन आलं तेव्हा जे कवितेचं झालं, ते गाण्याचं कॅसेटीनं केलं. कुणाची परवानगी विचारायचं काम उरलं नाही.

गाणं होतंच. कॅसेट नव्हती तेव्हापासून होतं. जलशात होतं, जात्यावर होतं. आमच्या आज्यांनी बाबासाहेबांवर ओव्या रचल्या त्या दळता दळता. वामनदादा कर्डक गावोगाव फिरले; मोठेपणी अक्षरं शिकलेला हा माणूस गाण्यांचा डोंगर ठेवून २००४ साली गेला. त्याच साली प्रल्हाद शिंदे गेले. आपल्या नागपुरात नागोराव पाटणकरांची कव्वाली होती. म्हातारे अजून सांगतात, रात्र सरायची पण माणूस उठायचा नाही. आकाशवाणी नागपूर १९४८ पासून आहे, पण रेडिओवर आमचं गाणं ऐकायचं तर १४ एप्रिलची नाही तर ६ डिसेंबरची वाट बघायची, असं माझा आजा म्हणायचा. कॅसेट आली आणि १४ एप्रिल रोज उजाडायला लागला. बारशाला, लग्नाला, पंक्तीला, जयंतीच्या मिरवणुकीला. पानठेल्यावर. ऑटोत.

दसऱ्याला दीक्षाभूमीवर जा. १४ ऑक्टोबर १९५६ ला जिथं लाखो माणसांनी जुना जन्म टाकला, तिथं दरवर्षी दोन गोष्टींच्या दुकानांपुढं गर्दी होते. पुस्तकं आणि गाणी. माझा बाप सांगतो, पोळ्या बांधून आलेली खेड्यातली माणसं परतताना एक फोटो, एक पुस्तक आणि दोन कॅसेटी नेत. एका दुकानात एक गाणं, शेजारच्यात दुसरं, तिसऱ्यात तिसरं, सगळी एकदम फुल आवाजात. कानाचे पडदे फाटायचे आणि माणूस हसत उभा. पुढं कॅसेटी गेल्या, व्हीसीडी आल्या, मग पेनड्राइव्ह, मग मेमरी कार्ड. आता सगळं मोबाइलवर. हे आमचं चित्रहार, ही आमची रंगोली. हे तुमच्या स्मरणरंजनात का नाही?

टीव्हीचं पण तसंच. आपली स्वतःची वाहिनी असावी म्हणून याच नागपुरातून लॉर्ड बुद्धा टीव्ही निघाला. २६ नोव्हेंबर २०१० ला दीक्षाभूमीवर त्याच्या उद्घाटनाला शाहीर विठ्ठल उमप आले होते. 'जांभूळ आख्यान' गाजवणारा माणूस, वय ७९. मंचावरच ते कोसळले आणि गेले. आपल्या लोकांचा टीव्ही सुरू होतो त्याच मंचावर आपला शाहीर देह ठेवतो. हे दुसऱ्या कुणाच्या बाबतीत घडलं असतं तर दरवर्षी त्या तारखेला कार्यक्रम झाले असते. आपल्यातल्या किती जणांना तारीख ठाऊक होती? हात वर करा. बघा.

मोठ्या वाहिन्यांना आम्ही दिसायला २०१९ उजाडलं. स्टार प्रवाहवर बाबासाहेबांच्या जीवनावरची मालिका आली, शीर्षकगीत गायला प्रल्हाद शिंदेंचा नातू आदर्श शिंदे. घरोघर लोक वेळ सांभाळून बसले. चांगलं झालं. पण मोठ्या वाहिनीला तो आवाज सापडला तो कॅसेटीनं तीन पिढ्या तो जिवंत ठेवला म्हणून, हे विसरू नका.

आणि खेळ. आमच्या खेळाचा पिक्चर झाला. हिस्लॉप कॉलेजातले खेळाचे सर विजय बारसे यांनी झोपडपट्टीतली पोरं पावसात फुटकी बादली लाथाडताना पाहिली आणि २००१ पासून झोपडपट्टी फुटबॉल सुरू केला. त्यावरून नागराज मंजुळेंनी 'झुंड' काढला, ४ मार्च २०२२ ला लागला. आपल्याच शहरातली पोरं पडद्यावर आली, आपल्याच बोलीत शिव्या देत. अमिताभ बच्चन बाबासाहेबांच्या फोटोपुढं हात जोडून उभा राहतो तेव्हा थेटरात शिट्ट्या पडल्या. शिट्ट्या मी पण मारल्या. पण मला त्याहून जास्त काय लागलं ते सांगतो. ती बादली. आपल्या लहानपणी खेळायचं सामान काय होतं? सायकलचा टायर आणि काठी. कंचे. भोवरा. विटेचा स्टंप. अशा गोष्टी दुकानात विकायला येत नाहीत, म्हणून त्यांची आठवण कुणी छापत नाही. ज्याला विकता येतं तेवढंच लोकांना आठवू द्यायचं, असा हा कारभार आहे.

एक मित्र मला म्हणाला, 'आपला माणूस मागं वळून कशाला बघेल? मागं काय आहे? शिव्या, भूक, वेस.' त्याचं खरं आहे. मला पण मागं जायचं नाही. कुणी फुकट तिकीट दिलं तरी १९८७ च्या त्या खिडकीशी मी मायला पुन्हा उभी करणार नाही. पण मित्रा, त्याच दिवसांत तुझा बाप एका खोलीत बसून टेपरेकॉर्डरसमोर ढोलकी वाजवत होता. भूक होती आणि ढोलकी पण होती. भूक तेवढी लिहून ठेवली आणि ढोलकी टाकून दिली, तर पुढचा पोरगा म्हणेल, माझी माणसं फक्त मार खात होती. ते खोटं होईल. शत्रूनं सांगितलं तर ते खोटं एकवेळ समजू शकतो. आपणच सांगितलं तर?

म्हणून आता कामाचं बोलतो. कॅसेटी मरतायत. आतली फीत म्हणजे प्लास्टिकची पट्टी, तिच्यावर लोखंडाच्या गंजाच्या भुकटीचा लेप. नागपूरचा उन्हाळा आणि लगेच पाऊस, म्हणजे त्या लेपाचा काळ. फीत वितळून चिकटते, तिच्यावर पांढरी बुरशी धरते, लेप सुटतो. लेपाबरोबर आवाज जातो. मोठ्या कंपनीच्या कॅसेटीची प्रत दुसरीकडं कुठं तरी असेल. पण वस्तीत भरलेली, लग्नात भरलेली, जयंतीच्या मंचावर भरलेली कॅसेट जगात एकच असते. ती भंगारवाल्याकडं गेली की संपलं. कारवांच्या ५,००० गाण्यांत ती सापडायची नाही.

तर घरी जा. पलंगाखालची पेटी उघडा. कॅसेट सापडली तर लगेच वाजवू नका. आधी झाकण उघडून फीत बघा. पांढरे डाग असले तर ती वेगळी ठेवा, नाहीतर यंत्राला लागून दुसऱ्या कॅसेटीवर बुरशी जाईल. डाग नसले तर एकदा पूर्ण पुढं आणि एकदा पूर्ण मागं फिरवा, म्हणजे चिकटलेली फीत मोकळी होते. कॅसेटीच्या मागच्या कडेला दोन बारके तुकडे असतात, ते मोडा. मग चुकून तिच्यावर दुसरं काही भरलं जात नाही. लहानपणी आपण तिथंच सेलोटेप चिकटवून बापाच्या भीमगीतांवर पिक्चरची गाणी भरायचो, आठवतं ना? ते आता बंद. टेपरेकॉर्डरचं हेड स्पिरिटच्या बोळ्यानं पुसा. मोबाइल समोर धरून आवाज पकडू नका, पंख्याचा आवाज येतो. वायर लावून संगणकात घ्या आणि मूळ फाइल दाबून लहान करू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, कागद. कॅसेटीवरच्या कागदावर गाणाऱ्याचं नाव असतं, कधी गीतकाराचं असतं. कोरसमधल्या बायांचं नसतं. ढोलकीवाल्याचं नसतं. ज्यांना नावं ठाऊक आहेत ती माणसं सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांच्यापुढं कॅसेट वाजवा आणि विचारा, हा आवाज कुणाचा? ही बाई कोण? साल कोणतं? वस्ती कोणती? म्हातारी माणसं तीन शब्द सांगून अर्धा तास रडतील. रडू द्या. चहा पाजा आणि पुन्हा विचारा. लिहून घ्या. नाव चुकलं तर चालेल, पुढचा दुरुस्त करेल. पण कोरी जागा ठेवू नका.

मी परवा गाडीनं परत मुंबईला चाललो, पाळी आहे. पण पुढच्या महिन्यात चार दिवसांची सुटी काढून येतो. माझ्या घरी एक चालू टेपरेकॉर्डर आहे, वायर मी घेऊन येईन. इंदोरा, पाचपावली, बिनाकी, इमामवाडा, प्रत्येक वस्तीतून एका तरी पोट्ट्यानं किंवा पोट्टीनं एक पिशवी भरून आणावी. मारिओ खेळायचा असेल त्यांनी तो पण आणा, एकीकडं कॅसेट भरेल, एकीकडं खेळू. धबधब्याच्या टप्प्यात मात्र खालच्याला सोडून वर पळायचं नाही.

जयभीम.